शेवटच्या रांगेतलं ‘मंग?’

अख्ख्या वऱ्हाडात आमच्या अकोल्याच्या साडभाऊंइतकं गाणं कळलेला माणूस झाला नाही, आणि गाण्याबद्दल त्यांच्याइतकं कमी ठाऊक असलेला माणूसही झाला नाही. ही दोन्ही विधानं मी वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, पूर्ण शुद्धीवर आणि चष्मा लावून करतो आहे. तोडी आणि भैरवी यांत फरक काय, असं त्यांना कुणी विचारलं असतं तर ‘दोन्ही चांगल्या घरच्या हायेत’ एवढं सांगून त्यांनी विषय मिटवला असता. वादी आणि संवादी हे शब्द त्यांना कोर्टातले वाटत. आणि तरीही, अमरावतीच्या एका दैनिकात मी बावीस वर्षं मैफलींबद्दल जे सदर लिहिलं, ज्याच्यामुळे लोक मला रसज्ञ म्हणू लागले, खांद्यावर शाली टाकू लागले आणि हातात नारळ देऊ लागले, त्या सदरात जे जे वाचण्यासारखं होतं ते साडभाऊंचं होतं. माझं होतं ते शुद्धलेखन. आता माझे काही जुने विद्यार्थी त्या लेखांचं पुस्तक काढत आहेत. मुद्रितं माझ्या टेबलावर येऊन पडली आहेत. हे प्रकरण सगळ्यात पुढे छापणार असाल तरच पुस्तक काढा, अशी अट मी घातली आहे. विद्यार्थ्यांची समजूत अशी की सर प्रस्तावना लिहीत आहेत.

साडभाऊ म्हणजे माझ्या पत्नीच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पुण्याकडे या नात्याला नुसतं साडू म्हणून सोडून देतात. आमच्याकडे त्याच्यामागे भाऊ लागतो आणि मग तो निभवावा लागतो. मी त्यांना भाऊजी म्हणतो, ते मला प्रोफेसर म्हणतात. मी मराठीचा साधा व्याख्याता होतो आणि निवृत्तीपर्यंत तोच राहिलो, हे त्यांना कितीदा सांगितलं तरी त्यांनी माझी बढती मागे घेतली नाही. ते मूळचे तेल्हाऱ्याकडचे, शेतकरी घरातले, आणि अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढून रुई करण्याच्या कारखान्यात, ग्रेडर होते. चिमूटभर रुई दोन्ही हातांच्या चिमटीत धरायची, ओढायची, विंचरायची, पुन्हा ओढायची, आणि धागा किती लांब, किती मजबूत, ते सांगायचं, हे त्यांचं काम. आयुष्यभर ते इतकं केलं की बोटांना दुसरा चाळा उरला नाही. सदऱ्याच्या वरच्या खिशात, जिथे इतर लोक पेन ठेवतात, तिथे त्यांच्याकडे रुईचा पुंजका असे. लग्नात, मयतीत, एसटीच्या रांगेत, डॉक्टरकडे नंबर लागेपर्यंत, ते रुई ओढत असत. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात नवऱ्या मुलाशी पाच मिनिटं बोलून ते रुई ओढत परत आले आणि माझ्या कानात म्हणाले, “धागा बरा हाय.” जावई आजतागायत मजबूत आहे.

गाण्याला ते आले ते ताईंच्या मागे. आमच्या अमरावतीच्या संगीत मंडळाची महिन्यातून एकदा रविवारी सकाळी मैफल असे. ताईंना, म्हणजे माझ्या मेहुणीबाईंना, गाण्याची ओढ. त्यांना एकटं पाठवणं बरं नाही म्हणून भाऊजी पहाटेची गाडी धरून बडनेऱ्याला उतरत, आमच्याकडे पोहे खात आणि हॉलमध्ये येऊन सगळ्यात शेवटच्या रांगेत, काढून ठेवलेल्या चपलांच्या ढिगाला टेकून बसत. मी मंडळाचा आजीव सभासद, माझी जागा पहिल्या रांगेत. एकदा त्यांना आग्रह केला की पुढे चला, तर म्हणाले, “म्होरं बसलं का गानाऱ्याचं तोंड दिसते. तोंड पाहून मानूस फसते. कापूस गाडीवर पाहून घेतला का फसलाच समजा. हातात घ्या लागते.” मग त्यांनी खिशातून रुई काढली, डोळे मिटले, आणि आलाप सुरू झाल्याबरोबर ती दोन्ही चिमटींत धरून हलकेच ओढायला लागले. सूर लांबला की रुई लांबे. सूर तुटला की त्यांच्या हातातली रुईही तुटलेली असे. हे मी उगाच सांगत नाही. मान वळवून कितीदा तरी पाहिलेलं आहे.

मैफल संपल्यावर ते लगेच एक शब्द बोलत नसत. आधी हातगाडीवर जाऊन दह्यात भिजलेला गिलावडा खायचा, वरचं तिखट पाणी पिऊन द्रोण ठेवायचा, आणि मग बोलायचं. माझं सदर नुकतंच सुरू झालं होतं तेव्हाची गोष्ट. एका बुवांनी सवा तास तोडी गायली. माझ्या वहीत कोमल गंधाराची सगळी माहिती, तानांचे प्रकार, लयीचे हिशेब असं चार पानं भरलेलं होतं, आणि त्यातून वाचकाला काय सांगायचं ते काही केल्या सुचत नव्हतं. मी सहज विचारलं, “भाऊजी, कसं वाटलं?”

भाऊजींनी द्रोणातला शेवटचा घोट घेतला. “एक मानूस घरातून रुसून निघाला,” ते म्हणाले. “आता चपला शोधून राह्यला. इकडं पाह्यते, तिकडं पाह्यते, पलंगाखाली पाह्यते. त्याले वाटते, आतून कोनी तरी म्हनन, थांबा. कोनी म्हनत नाही. म्हून तो शोधतच राह्यते.”

“आणि चपला?”

“पायातच हायेत ना, बाप्पा.”

 सवा तास त्या बुवांनी नेमकं हेच केलं होतं. त्या गंधाराशी येत होते, वळत होते, पुन्हा येत होते, जायचं तर होतं पण जायचं नव्हतं. माझ्या चार पानांत हे कुठेच नव्हतं. घरी येऊन मी लिहायला बसलो आणि एका बैठकीत लेख झाला. अर्थात चपला जशाच्या तशा ठेवणं मला प्रशस्त वाटलं नाही. मी लिहिलं, ‘स्वतःच्याच उंबरठ्यावर पादत्राणं शोधत थबकलेला पथिक, ज्याची पादत्राणं त्याच्या चरणीच आहेत.’ रविवारी लेख आला आणि सोमवारी प्राचार्यांनी मला बोलावून खुर्चीत बसवलं. तोपर्यंत मी त्यांच्याशी नेहमी उभ्यानेच बोललो होतो. भाऊजींचं नाव लेखात कुठे नव्हतं. मी मनाशी म्हटलं, पुढच्या वेळी घालू.

ते घालणं बावीस वर्षं पुढच्या वेळीच राहिलं. दोन गिलावड्यांना एक लेख असा माझा भाव ठरून गेला. भाऊजी सांगायचे वऱ्हाडीत, मी त्याला धोतर नेसवून, उपरणं देऊन छापखान्यात पाठवायचो. अकोल्याला त्यांच्या घरी एकदा संध्याकाळी रेडिओवर मारवा लागला होता. या रागात गाणारा षड्जाच्या म्हणजे मुक्कामाच्या सुराच्या अवतीभवती फिरत राहतो, त्यावर येऊन सुखानं बसत नाही. हे शास्त्र मी त्यांना सविस्तर समजावलं. सगळं ऐकून भाऊजी म्हणाले, “म्हंजे घर दिसून राह्यलं, कुलूप दिसून राह्यलं, किल्ली बायकोपाशी अन् बायको हळदीकुकवाले.” त्यांच्या घरात रागांना मग अशीच नावं पडली. ताई फोनवर माझ्या बायकोला सांगायच्या, “काल रेडिओवर कुलूप लागलं होतं वं, लय दनक्यात.” एका भारी नावाच्या तरुण गायकानं अर्धा तास नुसत्या तानांचा पाऊस पाडला तेव्हा गिलावड्याच्या गाडीवर भाऊजींनी दुसरा द्रोण मागवला. मग म्हणाले, “पोरगा चांगला हाय. पन वाढाले काई नाही म्हून ताटंच वाजवून राह्यला.” हे मात्र मी छापलं नाही. त्या पोराच्या मामांनी मंडळाला नवी सतरंजी दिली होती.

पण त्यांची खरी ख्याती अर्थ सांगण्यासाठी नव्हती. ते अर्थ सांगतात हे मी कुणाला कळूच दिलं नव्हतं. त्यांची ख्याती होती ती हुंकाऱ्यासाठी. आमच्याकडे जुन्या काळापासून रीत आहे की कुणी गोष्ट सांगत असलं की ऐकणाऱ्यांपैकी एकानं हुंकारा द्यायचा. हं, मंग, बरं, मंग. तो थांबला की सांगणारा समजतो, झोपले सगळे, आणि गोष्ट तिथेच ठेवून देतो. भाऊजींची आई कापूस वेचता वेचता ओळीनं वाकलेल्या बायांना गोष्टी सांगायची आणि हुंकारा द्यायचं काम लहानपणी भाऊजींकडे असे. ते त्यांनी पुढे कधी सोडलं नाही. लोक मैफलीत ‘वा’ म्हणतात, ‘क्या बात है’ म्हणतात. भाऊजींनी जन्मात कधी ‘वा’ म्हटलं नाही. आलाप चांगला रंगला, गाणारा एका सुरावर येऊन श्वास घ्यायला थांबला, की शेवटच्या रांगेतून, चपलांच्या बाजूनं, शांत आवाज येई: “हं… मंग?”

पहिल्यांदा हे झालं तेव्हा सगळा हॉल मागे वळला. ताईंनी पदर तोंडाला लावला. मी वहीत डोकं घातलं. गाणाऱ्या बाई वयस्क होत्या, दुरून आलेल्या होत्या. त्या क्षणभर थांबल्या, चष्म्यावरून त्यांनी शेवटच्या रांगेकडे पाहिलं, आणि नंतर मैफल संपेपर्यंत पहिल्या रांगेतल्या आम्हा जाणकारांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सगळं गाणं त्यांनी त्या चपलांच्या ढिगाकडे तोंड करून गायलं. जाताना त्यांनी मंडळाच्या सचिवांना विचारलं, ‘ते मागे कोण बसले होते?’ सचिव म्हणाले, ‘आमच्या सरांचे नातेवाईक आहेत, बाई. माफ करा.’ बाई म्हणाल्या, ‘माफ कशाबद्दल?’

सगळ्यांना मात्र हुंकारा मिळत नसे. कित्येक रविवार भाऊजी सुरुवातीपासून शेवटपर्यंत मुके बसत, आणि त्या रविवारी गिलावड्यावरही काही हाती लागत नसे. बाळापूरला एका लग्नात मात्र त्यांनी कर्ण्यावरच्या सनईलाही हुंकारा दिला होता. मंडपाच्या खांबापाशी, कर्ण्याच्या थेट खाली उभं राहून, रुई ओढत. इकडे मुहूर्त जवळ आला, भटजींनी मंगलाष्टकं म्हणायची म्हणून सनई बंद करायला सांगितलं, आणि भाऊजी लाउडस्पीकरवाल्याच्या हाताला धरून उभे. “थांब ना बाप्पा, त्याचं सांगनं अर्धं राह्यलं.” भटजी म्हणाले, मुहूर्त टळेल. भाऊजी म्हणाले, “मुहूर्त काय, पाच मिनिटानं बी लागते.” मुलीच्या वडिलांनी माझ्याकडे पाहिलं, मी मांडवाच्या झालरीकडे पाहिलं. सनई पूर्ण झाली, लग्न लागलं. त्या जोडप्याला आता नातवंडं आहेत आणि त्यांचं उत्तम चाललं आहे, त्यामुळे त्या पाच मिनिटांविषयी कुणाची तक्रार नाही.

आणि मला त्यांनी कधीही हुंकारा दिला नाही. हे मला फार लागत असे. मी त्यांच्या घरी बसून तासन् तास संगीतावर बोलत असे. घराण्यांचा इतिहास सांगे, श्रुती सांगे, रससिद्धान्त सांगे. ते आदरानं ऐकत, ताईंना माझ्यासाठी दुसऱ्यांदा चहा ठेवायला सांगत, पण हुंकारा नाही. एकदा मे महिन्यात, अकोला आपल्या प्रसिद्धीला जागून तापलेलं असताना, कूलरसमोर बसून मी स्पष्टच विचारलं, “भाऊजी, मी एवढा बोलतो. मला का नाही कधी ‘मंग’ म्हणत?”

 “हुंकारा सांगनाऱ्याले देतेत, प्रोफेसर. समजावनाऱ्याले नाही.”

“त्यात फरक काय?”

“आता हा पाहा,” त्यांनी कूलरकडे बोट दाखवलं, “सकाळपासून एकच सूर धरून बसला. बेसूर हाय म्हनता येत नाही. थंडावा बी देते. पन त्याले काई सांगाचं नाही. मंग हुंकारा कावून द्याचा?”

मी हसलो, ताई तर इतक्या हसल्या की बशीतला चहा सांडला. त्या खोलीतला दुसरा कूलर कोण होता, हे परतीच्या एसटीत मूर्तिजापूर मागे गेल्यावर माझ्या लक्षात आलं.

इथपर्यंतची हकीकत मी मित्रमंडळींत हसत हसत बऱ्याचदा सांगितली आहे. यापुढची कधीच सांगितली नाही, आणि हे प्रकरण लिहायला बसलो ते तिच्यासाठीच.

मंडळाचे सचिव दातांचे डॉक्टर होते. एका रविवारी ते त्याच हातगाडीवर आमच्या पाठीमागे गिलावडा खात उभे होते. पुढच्या रविवारी माझा लेख आला. त्यानंतरच्या मैफलीला, मध्यंतरात, चार-पाच सभासदांच्या देखत डॉक्टर मला हसत म्हणाले, “सर, परवाच्या लेखातलं ते म्हातारीचं आणि विहिरीचं, ते तर तुमचे साडभाऊ गाडीवर सांगत होते.” त्यांच्या बोलण्यात खोच नव्हती. मी ‘हो’ म्हटलं असतं, ‘त्यांचंच आहे, सगळं त्यांचंच असतं’ म्हटलं असतं, तर चार माणसं हसली असती आणि भाऊजींना पुढच्या रांगेत बोलावलं गेलं असतं. ते तोंडावर आलंही होतं. पण मी म्हणालो, “त्याचं काय आहे डॉक्टर, ते माझे लेख वाचतात आणि मग तसंच बोलायला लागतात. साधा माणूस आहे.” डॉक्टर म्हणाले, “पण ते तर लेख येण्याच्या आधी…” मी म्हणालो, “आम्ही घरी चर्चा करतो ना.” पाठीमागे ताई आणि भाऊजी चहाचे कप घेऊन उभे होते की नव्हते, हे मी वळून पाहिलं नाही. पाहायला पाहिजे होतं.

खोटं एकदा बोललं की त्याला टेकू द्यावा लागतो. मी घाबरलो होतो. भाऊजींचं बोलणं कुणी गंभीरपणे घेऊ नये, अशी तजवीज मला करायची होती. त्याच आठवड्यात मी ‘श्रोत्यांनी पाळावयाची पथ्ये’ असा लेख लिहिला. खोकू नये, उशिरा येऊ नये, असं बरंच काही त्यात होतं. आणि शेवटी होतं: ‘आलाप आणि आजीची गोष्ट यांतला भेद ज्यांना उमगत नाही, अशा अकोल्याहून येणाऱ्या गृहस्थांनी मैफलीत हुंकार भरण्यापेक्षा घरी नातवंडांना निजवावे.’ हे वाक्य मी तीनदा घासूनपुसून लिहिलं. लोकांना फार आवडलं.

पुढच्या महिन्यात भाऊजी नेहमीसारखे आले. पोहे खाल्ले, पोह्यांत मीठ कमी आहे म्हणाले, चपलांच्या ढिगाला टेकून बसले. एक तरुण मुलगी ललत गायली. इतकी चांगली गायली, की एका जागी ती थांबल्यावर माझे मलाच कान मागे लागल्यासारखे वाटले. इतरांचेही लागले होते; काही जण तर वळून, हसू दाबून, त्यांच्याकडे पाहत होते. मागून काहीच आलं नाही. मी वळलो. भाऊजींच्या हातात रुई होती, पण ते ती ओढत नव्हते. मूठ मिटलेली होती. ती मुलगी क्षणभर वाट पाहिल्यासारखी थांबली आणि मग पुढे गेली. बाहेर त्यांनी गिलावडा खाल्ला, पाणी प्यायले, द्रोण ठेवला. म्हणाले, “चांगलं झालं.”

“काय सांगत होती ती, भाऊजी?”

“तुमी लिहसान ना,” ते म्हणाले. “मंग वाचीन मी.”

त्यात कुठेही टोमणा नव्हता, हेच वाईट होतं. दोन महिन्यांनी त्यांचे गुडघे दुखायला लागले आणि त्यांनी अमरावतीला येणं सोडलं. ताई एखाद-दोनदा एकट्या आल्या, मग त्याही येईनाशा झाल्या. माझं सदर त्यानंतर तीन वर्षं चाललं. आता त्यात फक्त कोमल गंधार आणि तानांचे प्रकार असत. वाचक म्हणू लागले, सर हल्ली फार खोलात जाऊन लिहितात. शेवटी मी प्रकृतीचं कारण सांगून सदर बंद केलं, तेव्हा लोकांनी त्यालाही माझी निःस्पृहता म्हटलं आणि आणखी एक शाल दिली.

मागच्या महिन्यात मुद्रितं पिशवीत घालून मी अकोल्याला गेलो. भाऊजी आता त्र्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांचं जिनिंग कधीच बंद पडलं, पण खिशात रुई आहे. जवळच्या गादीवाल्याकडून ते चिमूटभर मागून आणतात आणि त्याच्याच मालाला नावं ठेवतात. डाव्या कानानं कमी ऐकू येतं म्हणून मला उजवीकडच्या खुर्चीत बसवलं. गुडघे कसे आहेत विचारलं तर म्हणाले, “गुडघ्यायले काय झालं?” मग त्यांना आठवलं असावं. “हाव हाव, बरे हायेत आता.”

“भाऊजी, माझ्या लेखांचं पुस्तक निघतंय,” मी म्हणालो.

“सांगतलं मले हिनं. चांगलं हाय.”

पुढचं सगळं मी गाडीत पाठ करून आलो होतो. प्रास्ताविक होतं, पार्श्वभूमी होती, क्षमायाचना होती. त्याऐवजी मी गादीवाल्याच्या मालाची चौकशी करत बसलो. तेवढ्यात ताई आतून एक फाइल घेऊन आल्या. “हे पाहा, तुमचे लेख. पोथीवानी ठेवले यायनं. आमच्या लग्नाची पत्रिका कुठं हाय विचारा, ते नाही मालूम.” मी फाइल उघडली. सगळ्यात वर तोडीचा लेख होता, पिवळा पडलेला. त्यातल्या ‘पादत्राणं’ या शब्दावर पेन्सिलीनं एक बारीक रेघ मारलेली होती आणि वर मोठ्या, शेतकरी अक्षरात लिहिलं होतं: चपला. मी पानं उलटत गेलो. ‘प्रवेश नाकारलेला यात्रिक’ याच्यावर रेघ, वर लिहिलेलं: कुलूप. अशी एकोणीस वर्षं. तळाशी तो पथ्यांचा लेख होता. त्याच्यावर कुठे पेन्सिल लागलेली नव्हती. फक्त घडीवर तो इतका झिजलेला होता की हातात धरल्यावर त्याचे दोन तुकडे होतील असं वाटलं.

मी फाइल मिटली आणि उठलो. गाडीची वेळ झाली, असं काहीतरी पुटपुटलो. गाडीला अजून दोन तास होते हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मी दाराशी आलो आणि तिथे उभा राहून चपला शोधू लागलो. पायपुसणं उचलून पाहिलं, कुंडीच्या मागे पाहिलं, ताईंच्या चपला बाजूला करून पाहिलं. किती वेळ शोधत होतो कोण जाणे. आतून भाऊजींचा आवाज आला.

“पायातच हायेत, प्रोफेसर.”

मी खाली पाहिलं. पायातच होत्या. दाराशी येताच सवयीनं सरकवल्या असाव्यात.

“थांबा,” भाऊजी म्हणाले. “बसा इथं.”

मी चपला काढल्या, परत आलो, उजवीकडच्या खुर्चीत बसलो, आणि बोलू लागलो. पाठ केलेलं काहीच आठवलं नाही. नुसतं झालं तसं सांगितलं, मागचं पुढे, पुढचं मागे. पहिल्या तोडीच्या वेळी नाव घालायचं राहून गेलं ते सांगितलं. प्राचार्यांची खुर्ची सांगितली. मग दातांच्या डॉक्टरपाशी आलो. ते काय म्हणाले ते सांगितलं, मी काय म्हणालो ते सांगितलं, ‘साधा माणूस आहे’ हे सांगितलं, आणि तिथे येऊन थांबलो.  ताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत दाराशी उभ्या होत्या. भाऊजींनी खिशातून रुईचा पुंजका काढला, दोन्ही चिमटींत धरला, डोळे मिटले आणि हलकेच ओढला.

“हं…” ते म्हणाले. “मंग?”

मग मी शेवटपर्यंत सांगितलं. मध्ये जिथे जिथे अडलो तिथे तिथे त्यांनी मला पुढे ढकललं. सगळं संपल्यावर रुई खिशात ठेवून ते म्हणाले, “बरं सांगतलं.” पुस्तकावर त्यांचं नाव घालायचं मी काढलं, तर ऐकेनात. “नाव राहू द्या तुमचंच. मले कोन वळखते? चपला तेवढ्या चपलाच करा.” ताई आतून म्हणाल्या, “अन् कुलूप बी.”

त्या दोन्ही दुरुस्त्या मुद्रितांत केल्या आहेत. नावाच्या बाबतीत मी त्यांचं ऐकलेलं नाही, म्हणून हे प्रकरण. भाऊजी आता मैफलीला येणार नाहीत. एका कानानं अर्धं सांगणं ऐकायचं आणि अर्धं सोडायचं त्यांना पटत नाही. त्या जागेवर हल्ली मी बसतो. मंडळाच्या लोकांना वाटतं, सरांना वयामुळे जमिनीवर बसताना टेकू लागतो. सदऱ्याच्या खिशात पेनाशेजारी चिमूटभर रुई असते, ती नीट ओढता मात्र येत नाही, लगेच तुटते. कधी एखादा आलाप खरोखर काही सांगू लागतो, गाणारा एका सुरावर येऊन थांबतो, आणि माझ्या ओठांपर्यंत तो शब्द येतो. अजून बाहेर पडत नाही.